थोडं अवघड जाईल

दर शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास हातमोज्यांच्या कारखान्यात मालकांच्या केबिनमधला फोन वाजायचा. तो वाजला की शिवणाच्या खोलीतल्या बायका हातातल्या सुया तशाच धरून काचेपलीकडे बघायला लागायच्या. फोन इटलीहून असायचा. तिथल्या एका मोठ्या कंपनीची खरेदी सांभाळणारी बाई तो करायची. तिला कारखान्यात कुणी कधी पाहिलं नव्हतं. मामा फोनवर तिला सिन्योरा म्हणायचे, म्हणून सगळेच तिला सिन्योरा म्हणत. सिन्योरा बोलायला मोठी गोड. पण ती शुक्रवारी गोड बोलली की इथल्यांचा रविवार गेलाच म्हणून समजायचं.

मामा म्हणजे कारखान्याचे दुभाषे. खरं तर ते एकट्या छकुलीचे मामा. छकुली त्यांच्या बहिणीची मुलगी, बेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई. पण पाळण्यातलं नाव तिला जे चिकटलं ते सुटलंच नाही. शिवणाच्या खोलीत तिच्याइतका सफाईदार हात दुसरा नव्हता. बहीण गेल्यावर मामा तिच्याकडेच राहायला आले होते. आयुष्यभर त्यांनी एका ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत पुस्तकांच्या नोंदी केल्या, लग्न केलं नाही, आणि रिकाम्या वेळात एका जुन्या पुस्तकावरून इटालियन शिकले. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दोन वर्षांपूर्वी मालकांना इटलीची ऑर्डर मिळाली तेव्हा छकुलीनेच पुढे होऊन सांगितलं होतं, "आमच्या मामाला येतं की ते. घरात बसून नुसता भिंतींशी बोलतो."

तेव्हापासून मामांना केबिनमध्ये एक खुर्ची मिळाली. मालक त्यांना मास्तर म्हणत. बायकांनी मात्र त्यांचं नाव कृपयामामा ठेवलं होतं, कारण पाण्याचा पेला मागायचा असला तरी मामा म्हणायचे, "कृपया, तुम्हाला त्रास होणार नसेल, आणि उठणारच असाल तर..." तोवर चामडं कापणारे अण्णा ओरडायचे, "अगं द्या त्यांना पाणी! वाक्य संपेपर्यंत तहान मरायची त्यांची."

शुक्रवारचा फोन ठरल्यासारखा चालायचा. सिन्योरा हवापाणी विचारायची. मग म्हणायची, तुम्हाला फार गैरसोय होणार नसेल तर अमुक इतके जोड येत्या बुधवारपर्यंत पाठवता येतील का? मामा ते मालकांना सांगायचे. मालक कपाळाला हात लावायचे.

"सांगा तिला, नाही जमणार. हाताने शिवायचं काम आहे, पापड नाही लाटायचे."

मग मामा घसा साफ करून इटालियनमध्ये बोलायला लागायचे. त्यांच्या त्या जुन्या पुस्तकात 'विनंती आणि नकार' असा एक अख्खा भाग होता, आणि मामांना तो तोंडपाठ होता. सुसंस्कृत माणसाने नकाराची सुरुवात नकाराने करू नये, असं त्यात लिहिलं होतं. आधी आभार मानावेत, मग खेद सांगावा, मग अडचण सुचवावी आणि शेवट आशेवर करावा. मामांना हे वाचताच पटलं होतं. कुणाला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर यायचं, आणि इथे तर त्या भिडेला पुस्तकाचा आधार मिळाला होता. ते म्हणायचे, "सिन्योरा, आपले अनंत आभार. सारा उन पो दिफ्फीचिले." म्हणजे, थोडं अवघड जाईल. "मा फारेमो तुत्तो इल पोस्सिबिले." म्हणजे, तरी आम्ही होईल तेवढं सगळं करू.

मामांच्या मते हा चांगला स्वच्छ नकार होता. त्यांच्या घरी कुणी काही मागायला आलं आणि "जरा अवघडच दिसतंय हो" असं कानावर पडलं, की मागणारा चहा संपवून उठायचा. याहून जास्त बोलायची वेळ येऊ देणं म्हणजे समोरच्याला दारातून ढकलून देणं.

सिन्योरा खूश होऊन चार-पाचदा ग्रात्सिए म्हणायची आणि फोन ठेवायची.

"काय म्हणाली?" मालक विचारायचे.

"आभार मानले."

"कसले? नाही म्हटल्याचे?"

"त्यांच्याकडे रीत असावी तशी," मामा म्हणायचे.

आणि शनिवारी फॅक्सवर तिचा छापील कागद यायचा. इतके जोड, बुधवार, आपल्या तत्परतेबद्दल ऋणी आहोत. मालक तो कागद टेबलावर आपटायचे. "बघा! नाही म्हटलं तरी पाठवलाच. आपल्याला माणसात धरत नाहीत हे लोक." पण ऑर्डर हातची जाईल या धास्तीने ते पुन्हा फोन करायचे नाहीत. ते शिवणाच्या खोलीच्या दारात उभे राहायचे आणि छताकडे बघत म्हणायचे, "बायांनो, या रविवारी जरा." पुढचं कुणी ऐकूनही घ्यायचं नाही.

असे दोन वर्षांत किती रविवार गेले, ते मामांनी कधी मोजलं नव्हतं.

त्या आठवड्यात मंगळवारी छकुलीला डॉक्टरकडे न्यायची वेळ आली. तिच्या उजव्या हाताला कधीपासून मुंग्या यायच्या, त्याकडे तिने लक्ष दिलं नव्हतं. हातमोज्याचा अंगठा वेगळा शिवून मग पंज्याला जोडावा लागतो. चामड्याची सुई तीन धारांची असते, आणि ती चार पदरांतून पार करताना बोटांना तिचं टोक जाणवावं लागतं. सोमवारी सुई छकुलीच्या अंगठ्यात रुतली आणि तिला कळलंच नाही. पांढऱ्या चामड्यावर लाल ठिपका उमटला तेव्हा शेजारची बाई किंचाळली.

डॉक्टरांनी तिचे दोन्ही तळहात मामांसमोर धरले. डाव्या अंगठ्याखाली मांसाचा उंचवटा होता. उजव्या अंगठ्याखाली खळगा पडला होता.

"मनगटात शीर दबलीय," डॉक्टर म्हणाले. "आजची नाही, बऱ्याच महिन्यांची. पंधरा दिवसांत ऑपरेशन करू. तोवर सुईला हात लावायचा नाही, आणि नंतरही दोन महिने नाही. अजून एक-दोन आठवडे असेच रेटलेत, तर अंगठ्यातली ताकद परत येईल याची मी खात्री देणार नाही. आताही अर्धीच देतोय."

परतताना छकुली बसमध्ये खिडकीशी बसली. तिने हात मांडीवर उताणा ठेवला होता, जणू दुसऱ्याचा कुणाचा सांभाळायला घेतलाय.

"या शुक्रवारी परत मागेल ना रे ती?" तिने विचारलं.

"मागेल बहुतेक. थंडीचा माल आहे."

"मालकांना सांगितलं तर ते म्हणतील, एवढी एकच खेप काढ. पांढऱ्या जोडांना दुसरी कोण बसणार? नवीन पोरींचे टाके वाकडे येतात." तिने अंगठा हलवून पाहिला. "मामा, ती बाई आहे की कसाई रे? इतक्यांदा नाही म्हणतो आपण. तिला नाही कळत नाही?"

मामांनी खिडकीबाहेर पाहिलं. "त्यांची तऱ्हा वेगळी असते," ते म्हणाले. म्हणताना त्यांना आपला आवाज खोटा वाटला. का, ते मात्र कळेना.

बुधवारी सिन्योराचं पत्र आलं. नेहमीचा छापील कागद नव्हता, हाताने लिहिलेलं, दोन पानी. मालकांनी ते मामांच्या पुढ्यात सरकवलं. "वाचा मास्तर. ऑर्डर वाढवते की तोडते, तेवढं आधी सांगा."

मामा मनात पुढे वाचत मोठ्याने सांगू लागले. कंपनी फार समाधानी आहे. पुढच्या वर्षीचे सगळे हाती शिवलेले जोड याच कारखान्याला द्यायचे ठरले आहे. मालकांनी टेबलावर थाप मारली. मग दुसऱ्या पानावर मामांची जीभ अडखळली.

तिथे लिहिलं होतं: "आमचे इतर कारागीर वेळ नसला की सरळ नाही म्हणतात, आणि मग आम्ही तारीख दोन-तीन आठवडे पुढे नेतो. त्यात काही विशेष नाही, दुकानात तेवढा साठा असतोच. तुम्ही मात्र दोन वर्षांत मला एकदाही नाही म्हणाला नाहीत. विचारण्याआधी मला कधी कधी संकोच वाटतो. पण तुमचे दुभाषी गृहस्थ इतक्या आनंदाने होकार देतात की मला वाटतं, तुमच्याकडे माणसं पुष्कळ असावीत."

"काय झालं?" मालक म्हणाले. "अक्षर लागत नाही का?"

"लागतंय," मामा म्हणाले. "आपल्या माणसांना नमस्कार सांगितलाय." आणि त्यांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं.

मधलं सगळं त्यांनी गाळलं होतं. गेली दोन वर्षं आपण प्रत्येक शब्द इमानाने इकडून तिकडे नेला, अशी त्यांची समजूत होती. आज पहिल्यांदा जाणूनबुजून गाळलं, आणि ते किती सहज जमलं!

घरी जाऊन त्यांनी ते जुनं पुस्तक काढलं. 'विनंती आणि नकार' पुन्हा वाचलं, मग तिसऱ्यांदा वाचलं. पुस्तकाची काही चूक नव्हती. आभार, खेद, अडचण, आशा. आणि अडचण सुचवल्यानंतर एक बारीक ओळ होती, की यानंतर आपला नकार एका शब्दात निःसंदिग्ध सांगावा. ती ओळ मामांनी कधीकाळी पेन्सिलने अधोरेखितही केली होती. पण तोंडाने ती त्यांच्याकडून कधी निघालीच नाही. प्रत्येक शुक्रवारी ते अडचणीवरून थेट आशेवर उडी मारत आले होते. इतक्या खेपा, आणि एकदाही आपल्या लक्षात आलं नाही? की आलं होतं, आणि त्या बाईचं हसणं ऐकून जीव भांड्यात पडायचा म्हणून आपण पुढे विचारच केला नाही? मामांना जे उत्तर सुचे ते आपल्याच सोयीचं वाटे.

पलीकडच्या खोलीत छकुली डाव्या हाताने भाजी चिरत होती. सुरीचा आवाज मध्येच थांबायचा, परत सुरू व्हायचा. मामा दोनदा उठून दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा "काही हवंय का मामा?" असं तिने विचारलं आणि दोन्ही वेळा ते म्हणाले, "नाही नाही, तुझं चालू दे."

गुरुवारीही त्यांनी सांगितलं नाही.

शुक्रवारी छकुली कारखान्यात आली. शिवायला नाही, ती नव्या मुलींना पांढऱ्या चामड्यावर टाका कसा बसवायचा ते दाखवते आहे, असं तिचं म्हणणं. पण तिच्या पाटावर सुई ओवून ठेवलेली मामांनी पाहिली. पलीकडे इस्त्रीच्या खोलीत तापवलेले पितळी पंजे रांगेने उभे होते आणि अण्णा सुरकुत्या काढायला त्यांच्यावर तयार हातमोजे चढवत होते. फोन वाजला. मालकांनी बटण दाबून तो दोघांना ऐकू येईल असा केला.

हवापाणी झालं. मग सिन्योरा म्हणाली, थंडी लवकर पडली आहे, पांढरे दोनशे जोड येत्या बुधवारपर्यंत पाठवले तर ती फार आभारी राहील. अर्थात, शक्य असेल तरच.

मामांनी सांगितलं. मालक खुर्चीत मागे रेलले. "नाही म्हणा. ऐकायची नाहीच ती, पण आपलं म्हणून ठेवा. आणि फार ताणू नका, एवढी मोठी ऑर्डर दिलीय. हात दुखत असला तरी छकुली बसेल एवढ्या खेपेला. काय दोन दिवसांचा प्रश्न."

मामांच्या जिभेवर अनंत आभार आले. ते त्यांनी गिळले. तळहाताला घाम आला होता, तो त्यांनी धोतराला... छे, पँटला पुसला. घाबरले की त्यांना आपण वडिलांसारखं धोतर नेसलोय असंच वाटायचं.

"नो, सिन्योरा," ते म्हणाले. "नॉन पोस्सिआमो." नाही, बाई. आम्हाला शक्य नाही.

पलीकडे शांतता पसरली. आता गेली ऑर्डर, असं मामांना वाटलं.

"आ," सिन्योरा म्हणाली. "वा बेने, कापीस्को." बरं, समजलं मला. मग तिने विचारलं, "काही अडचण आहे का? कुणी आजारी आहे?"

"आमच्या एका बाईचा हात. आमची सगळ्यांत चांगली बाई."

"अरेरे. मग बुधवार सोडून द्या. तीन आठवड्यांनी चालेल? की चार घेता?"

"चार," मामा म्हणाले.

"चार तर चार. त्यांना म्हणावं, लवकर बऱ्या व्हा." आणि नेहमीसारखेच ग्रात्सिए म्हणून तिने फोन ठेवला.

एवढ्यावर संपलं. मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन मिनिटंही झाली नव्हती.

"काय म्हणाली?"

"चार आठवडे दिले."

"काय सांगता!" मालक ताडकन उठले. "चार? भांडण नाही, काही नाही? वा मास्तर, आज काय मंतरलंत तिला..." ते बोलता बोलता थांबले. मालकांना इटालियनचं अक्षर येत नव्हतं; पण माणूस धंद्यातला, कानाचा तिखट. "मास्तर, तुम्ही आज 'नो' म्हणालात."

"हो."

"तो शब्द तर मलाही कळतो. मग आधी कधी कसा ऐकला नाही मी?"

मामांनी खिशातून सिन्योराचं पत्र काढलं, दुसरं पान उलगडलं आणि गाळलेलं सगळं वाचून दाखवलं. या वेळी एक शब्दही सोडला नाही. 'इतक्या आनंदाने होकार देतात' हे वाक्य तर त्यांनी दोनदा वाचलं.

मालकांनी ते पान हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि परत दिलं. "दोन वर्षं," ते म्हणाले. "अहो शहाण्या माणसा, दोन वर्षं मी त्या बाईला शिव्या घालतोय. पोराची मुंज असो, बायकोचा कार्यक्रम असो, मी आपला इथेच! आणि तुम्ही त्या खुर्चीत बसून काय करत होतात? आरती?"

"मला वाटायचं, मी नाहीच म्हणतोय."

"वाटायचं!" मालकांनी काचेतून बाहेर पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. छकुली एका मुलीच्या खांद्यावरून वाकून डाव्या हाताने चामडं ताणून दाखवत होती. मालक खुर्चीत बसले. त्यांनी मामांपुढे पाण्याचा पेला सरकवला. "हे बघा मास्तर. झालं ते झालं. तुम्ही काही मुद्दाम केलं नाहीत. मी तरी काय, कागद आला की मान डोलवत गेलो, कधी उलट फोन करा म्हटलं नाही. पण हे बाहेर कळलं तर त्या बाया ना तुम्हाला सोडतील, ना मला. एक-एक रविवार मागतील परत. आणि छकुलीला तरी कळून काय उपयोग? तिचं दुखणं कमी होणार आहे? तेव्हा माझी हात जोडून विनंती आहे, हे या खोलीतच राहू द्या. माझं एवढं ऐका."

इतक्या अदबीने मालक त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. शिवाय त्या बोलण्यात खोट काढण्यासारखं फारसं काही नव्हतं. खरंच, तिला कळून काय होणार? तिच्याच घरात, तिच्याच हातचं ते जेवत होते. मामांच्या तोंडून "बघतो" असा शब्द निघालाही. मालकांचा चेहरा लगेच सैल पडला. तो सैल पडलेला चेहरा मामांनी पाहिला आणि त्यांना वाटलं, फोनच्या पलीकडे दर शुक्रवारी सिन्योराचा चेहराही असाच दिसत असणार.

"नाही मालक," ते म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे सांगणार मी तिला. आत्ता. बाकीच्यांना सांगायचं की नाही ते तिचं ती ठरवेल."

"तुम्हाला फाडून खातील मास्तर."

मामांनी पाण्याचा पेला न पिताच मागे सरकवला. ते उठले. खुर्ची मागे सरकताना करकरली.

शिवणाच्या खोलीत शिरताच एक बाई म्हणाली, "काय कृपयामामा, गेला का आमचा रविवार?" मामांनी मान हलवली, ती तिला होकार वाटली की नकार, कोण जाणे. छकुलीला त्यांनी चामडं ओलं करायच्या मोरीपाशी नेलं. तिथे नळ ठिबकत होता आणि ओल्या फडक्यांत गुंडाळलेल्या कातड्यांचा वास येत होता. त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. आधी आभार नाही, खेद नाही. फोनवर सिन्योरा काय मागत होती, मालक काय म्हणत, आपण काय म्हणत होतो. पत्रात काय आहे. आज काय झालं.

छकुली त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मध्ये एकदा तिने उजवा हात डाव्या हातात धरला.

"एकदाही नाही?" तिने विचारलं.

"एकदाही नाही."

"आणि आज म्हणालास तर चार आठवडे दिले."

"हो."

"म्हणजे मागच्या हिवाळ्यात धाकट्याला ताप होता, मी त्याला शेजारी टाकून आले होते, तेव्हा नुसतं..." तिने डाव्या हाताने ठिबकणारा नळ आवळला. खोलीतून अण्णांचं काहीतरी ओरडणं आणि बायकांचं हसणं ऐकू आलं. "पत्र कधी आलं?"

"बुधवारी."

"बुधवारी तू दोनदा दारात येऊन गेलास."

मामांनी मान खाली घातली. मग त्यांनी ते विचारलं. त्यांना ते विचारायचं नव्हतं, तो तिच्यावर आणखी एक बोजा होईल हे त्यांना कळत होतं. पण तोंडातून निघून गेलं. "छकुली, मला माफ करशील?"

"नाही मामा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. "आत्ता नाही. पुढे करीन की नाही, तेही मला आज विचारू नकोस."

"बरं," मामा म्हणाले.

ती जायला वळली. दोन पावलं गेली आणि थांबली. तिने उजवा हात पाठीमागे नेला, ॲप्रनच्या नाडीशी बोटं थोडा वेळ चाचपडली, आणि तो हात तसाच खाली आला.

"ही गाठ सोड," ती मागे न बघता म्हणाली. "मला घरी जायचंय."

मामा पुढे झाले. गाठ सकाळी कुणीतरी घट्ट मारलेली होती आणि ओलाव्याने आणखी आवळली होती. त्यांनी नखं रुतवली, तरी ती लवकर सुटेना. छकुली मान ताठ ठेवून, त्यांच्याकडे पाठ करून उभी होती.